उणे वीस

क्रायोस्टॅटचं झाकण सरकवलं की
थंडी आधी मनगटांना भेटते.
उणे वीस. आत पातं,
पात्यापुढे एका उंदराचा मेंदू,
सोललेल्या बदामाएवढा.

वीस मायक्रॉन.
चकती इतकी पातळ, की श्वास लागला तरी गुंडाळते.
म्हणून मी श्वास रोखते.
पंचवीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा.

डरममधली ही इमारत पूर्वी तंबाखूचं गोदाम होती.
अजूनही ऑगस्टमध्ये एसी बंद पडला
की विटांतून वास सुटतो,
काकवीसारखा.
नवी मुलं विचारतात, हे काय?
मी सांगत नाही.
माझी आई इथंच, दुसऱ्या मजल्यावर,
पानांच्या शिरा काढायची.
तिच्या बोटांची पिवळी टोकं
शवपेटीतही पिवळीच होती.

प्रयोग साधा.
वयात येणाऱ्या उंदराच्या कातडीखाली
एक इवलासा पंप. काही दिवस निकोटीन,
थेंबाहून कमी. मग पंप काढला,
मग नुसती वाट पाहिली.
उंदीर मोठा झाला. खाल्लं, प्यायलं, वजन चोख.
वरून म्हणाल तर काही म्हणता काही नाही.

फिल्म धुतली तेव्हा दिसलं.
सेरोटोनिन हाक मारतं, पेशी ऐकते
आपल्या अंगावर उगवलेल्या कानांनी.
त्या कानांना रिसेप्टर म्हणतात.
इथे ते विरळ झालेले,
तिथे नको तितके दाटलेले,
नरांत एक तऱ्हा, माद्यांत दुसरी.
निकोटीन तर केव्हाच निघून गेलं होतं.
पाहुणा गेला, तरी घरचे
त्याच्याच वेळेला जेवत होते.

डॉक्टर हॅल्व्हर्सन खांद्यावरून वाकून म्हणाले,
"अर्नेस्टीन, काय सुंदर डेटा आहे."
मी हातमोजे काढले.

एकोणीसशे शहाऐंशी.
उलट्या थांबेनात, म्हणून मी मेंथॉल ओढायचे.
शेजारीण म्हणाली होती, पोटाला थंड पडतं.
पोटात तेव्हा ऑक्टेव्हिया.

ती आता टल्सात असते. रविवारी फोन करते.
कधी तासभर बोलते, कधी
नुसती श्वास घेत राहते, आणि मी
तिच्या फ्रिजची घरघर ऐकत बसते.
"काय झालं गं?"
"काही झालं नाही, आई. तेच तर."

उंदरावरून माणसावर उडी मारू नये,
हे नव्या मुलांना मीच शिकवते.
तरी परवा तिला सांगितलं सगळं,
पंप, फिल्म, कान.
ती हसली. खूप दिवसांनी, मोठ्यानं.
"म्हणजे माझा पंप तू होतीस?"

मला उत्तर सुचलं नाही.
मग म्हणाली, "आणि तुझा?"

मी तिला गोदामातलं सांगितलं.
दुपारी बायका लेकरांना
पानांच्या ढिगावर निजवायच्या.
मीही तिथंच झोपायचे.
मऊ असतं ते पान, वाळलं तरी मऊ,
आणि आईच्या हातांना येतो तसाच वास.
जागीच करायला लागायचं मला.

पलीकडे फ्रिज थांबला.
पुन्हा सुरू झाला.
"पुढच्या वेळी," ती म्हणाली,
"रविवारची वाट नाही पाहणार."

आज सकाळी तिसरी चकती गुंडाळली.
मी श्वास रोखायला विसरले होते.