कट्-कट्

प्लास्टर कापलं तेव्हा सुन्नानं
डोळे गच्च मिटून घेतले.
मग हळूच एक उघडला.
बघते तर काय, खाली फिकट, खपल्या धरलेला,
कुणा भलत्याचाच पाय!

"हा माझा नाहीच," ती म्हणाली.
नर्स हसली, "तुझाच गं.
सहा आठवडे झोपला होता,
एका हाकेत उठेल कसा?"

(शेडच्या छपरावरून सुन्नानं
मऊ बर्फात उडी मारली होती.
बर्फ मऊच होता.
बर्फाखालची घसरगाडी नव्हती.)

स्नायू असतात भारी मानी.
काम दिलं नाही की रुसतात,
अंग चोरतात, रोज थोडे वाळतात.
हाडाचं मात्र उलटं.
प्लास्टरच्या काळोखात बसून
ते तुटकी टोकं सांधत होतं,
ना हातोडी, ना आरडाओरडा,
मजुरी म्हणून फक्त मासे आणि दूध.

पण सुन्ना पाय टेकवेना.
"दुखेल," म्हणे. "मोडेल," म्हणे.
कुबड्या घेऊन टक्-टक् करत
खिडकीपाशी जाई, परत येई.

आद्जानं हे चार दिवस पाहिलं.
(उत्तर नॉर्वेच्या त्या गावात
आजोबांना 'आद्जा' म्हणतात.
आपला आजा आणि त्यांचा आद्जा,
बघा, किती शेजारी शेजारी!)
पाचव्या दिवशी काही न बोलता
त्यानं तिला कातड्यात गुंडाळून
घसरगाडीवर ठेवलं
आणि कळपाकडे नेलं.

मे महिना. तरी बर्फ होतंच.
आद्जानं कॉफीत चीजचे तुकडे टाकले,
आणि दोघं बसून राहिली.

कट्. कट्. कट्-कट्. कट्.

"आद्जा, तुझे गुडघे वाजतायत!"
"माझे उठताना वाजतात.
हे चालणाऱ्यांचे आहेत. तिकडे बघ."

धुक्यातून रेनडिअर येत होते,
आणि पावलागणिक एक कट्.
"त्यांच्या खुराच्या वरती," आद्जा म्हणाला,
"दोरीसारखी एक शीर असते.
पाऊल टाकलं की हाडावरून घसरते.
वादळात कुणाला कुणी दिसत नाही.
मग कान लावायचा:
कट्, म्हणजे पुढे कुणीतरी आहे."

इतक्यात दगडाआड एक मादी थांबली.
तिच्या पायांपाशी काहीतरी
ओलं, तपकिरी, वाफाळणारं.
"झालं!" आद्जा पुटपुटला.

पिल्लाला चार पाय होते,
पण चौघांचं एकमत नव्हतं.
एक पुढे, एक मागे,
दोघं आपापल्या गावाला!
धप्. नाक बर्फात.
पुन्हा उठलं. धप्.
सुन्ना बोटं मोजत होती.
चार. पाच. सहा.
"आई त्याला उचलत का नाही?"
"चाटतेय ना," आद्जा म्हणाला.
"चाटलं की अंग सुकतं,
ऊब येते, रक्त पळायला लागतं.
उभं राहणं त्याचं त्यालाच करावं लागतं."

सात. आठ.
नवव्यांदा ते थरथरत उभं राहिलं,
झोकांड्या खात दगडामागे गेलं,
दूध शोधायला.

"दिसत नाही!" सुन्ना ओरडली,
मान उंच केली, टाचा उंच केल्या,
"हां, दिसलं! पितंय, आद्जा, पितंय!"

कुबड्या तिथेच पडल्या होत्या,
कातड्याखाली अर्ध्या.
आद्जानं त्या पाहिल्या.
मग कपात आणखी थोडी कॉफी ओतली
आणि दुसरीकडेच बघत बसला.

पाय दुखला का? दुखला की!
रात्री पोटऱ्यांत गोळे आले,
आईनं तेल चोळलं.
दुसऱ्या दिवशी दारापर्यंत,
तिसऱ्या दिवशी विहिणीच्या खोपट्यापर्यंत...
छे, विहीण कुठली तिथे!
सरपणाच्या खोपट्यापर्यंत.
(मी लिहिता लिहिता घसरले.
मलाही उठायला हवं होतं मघाशीच.
खूप वेळ बसलं की डोकंही आखडतं.)

आणि एका रात्री, सगळे गाढ झोपलेले,
सुन्ना पाणी प्यायला उठली.
तिच्या घोट्यात आवाज झाला.
कट्!

तिनं अख्खं घर उठवलं.
"ऐका! ऐका ना! पुन्हा करते!"
पुन्हा काही तो वाजला नाही.
भाऊ वैतागून उशीखाली गेला.
फक्त पलीकडच्या खोलीतून
अंधारात कुणीतरी उठून बसलं,
आणि दोन म्हाताऱ्या गुडघ्यांनी
उत्तर दिलं:
कट्. कट्.