आपका वाला ल

इमली बाजारात, शेवेच्या दुकानावर,
सहा महिन्यांचा कोर्स. कार्ड, पॅम्फ्लेट, फ्लेक्स.
जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने
चढणाऱ्याला आधी आवाज द्यायचा.
आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू.
माउस कितीही पुसा, बेसनाचा वास.

मी बेचाळिशीची. दिवसभर क्लॉथ मार्केटात
ठोक दुकानात बिलं फाडते, सातला इथे.
डावीकडे रुखसार, तिची बोटं
की-बोर्डकडे न बघता तांदूळ निवडतात.
उजवीकडे हेमू. त्याला शिकायचेत फक्त वाढदिवसाचे फ्लेक्स.
भियाच्या डोक्याभोवती तो एकेक टिंब टाकत जातो,
कानाशी थबकतो, जीभ बाहेर काढून वळण घेतो,
मग भियाच्या पाठीमागचं सगळं शहर उडवून
तिथे सूर्य लावतो.

चौकसे सर पहिल्या दिवशी म्हणाले,
सबसे पहले सेव करना सीखो.
आम्ही हसलो. खाली कढईत तेच तर चाललं होतं.
तिसऱ्या दिवशी लाइट गेली,
यूपीएस चारदा ओरडला आणि गप्प झाला,
आणि माझी अर्धी लग्नपत्रिका
मुहूर्तासकट काळ्या काचेत बुडाली.
तेव्हापासून बोटं आपोआप जातात.
परवा तर दुकानात, गल्ल्याच्या कडेवर गेली.

शेवटचा पेपर: ज्याचं सर्टिफिकेट त्यानेच करायचं.
बॉर्डर लावली, शिक्क्याला जागा सोडली,
नाव लिहायला घेतलं, मृदुला पिंग
आणि थांबले.
सरांच्या फॉन्टमध्ये ळ नाही.
शिफ्ट दाबून बघितलं, ऑल्ट धरून आकडे मारले.
एकदा चौकोन उगवला, एकदा ॐ.
ल डाल दो ना मैडम, क्या फरक पड़ता है.

फरक पडत नाही, खरंच.
शाळेच्या दाखल्यावर पिंगले, रेशनकार्डावर पिंगले,
विजेच्या बिलावर नुसतंच पिंगल.
बँकेत हाक आली की मी उठते.
मुलगा केला मागतो, मी केळं देते,
साल दोघांच्या हातात तीच राहते.

तरी त्या संध्याकाळी पेन टूल घेतलं.
आडवा पडलेला आठ, वर शिरोरेषेला टांगलेला,
एवढंच तर आहे, असं वाटलं होतं.
आयुष्यभर लिहिलेलं अक्षर
कुठे कुठे वाकतं ते कळायला
चौदा टिंबं लागली, आणि पावणेदोन तास.
डावं वेटोळं सुजलं. उजवं आखडलं.
रुखसार निघताना वाकून म्हणाली, हे काय, चष्मा?
हेमूने सूर्य बंद केला. सरांनी शटर अर्धं ओढलं.
मग ते उचलून नावात बसवलं,
आणि ते बसलं, रेषेपासून केसभर खाली,
वर्गात उशिरा आलेल्यासारखं.

सरांनी प्रिंट दिव्याखाली धरला.
ये जलेबी आपने हाथ से बनाई?
आणि शिक्का मारला, नेमका तिच्या शेपटीवर.

फेब्रुवारीत त्यांचा फोन. दुकानात गिऱ्हाईक उभं.
मैडम, शादी का कार्ड है, मराठी पार्टी,
वो आपका वाला ल भेज दो.
नाव काय, विचारलं. धवले. म्हटलं, कसं?
पुन्हा धवले. मग तिकडून जरा शांतता,
मागे पंख्याचा आवाज, कुणीतरी खोकलं.

रात्री फाइल उघडली. डावं वेटोळं अजून सुजलेलंच.
एक टिंब पकडलं, आत ढकललं,
बघितलं, परत होतं तिथे आणलं.
तसंच पाठवून दिलं.

पण ते नंतर. आधी, फोनवर, त्या शांततेनंतर
सरांनी जीभ मागे नेली असावी,
दुखऱ्या दाताला लावतात तशी हळूच,
आणि म्हणाले, धवड़े?

जवळ आलात, मी मराठीतच म्हटलं.