शून्याचं पोट

पत्र्यातून शून्य कापायचं असेल
तर त्यात दोन काड्या शिल्लक ठेवाव्या लागतात,
एक वर, एक खाली,
नाहीतर पोट निखळून पडतं
आणि पाइपावर नुसता काळा गोळा उमटतो.

हे मला निळकंठ उईकेनं शिकवलं,
वरोऱ्याच्या अलीकडे, फाट्यावरच्या कारखान्यात,
जिथं सिमेंटचे पाइप गरगर फिरून घडतात
आणि मग ओल्या पोत्यांखाली चौदा दिवस निजतात.

डावा हात पत्रा दाबतो, उजवा ब्रश मारतो.
एनपी-थ्री. सहाशे. तारीख. पाळीचं अक्षर.
रंग पातळ झाला की आठाला शेपूट फुटतं,
घट्ट झाला की तीन आंधळा होतो.
गेडाम साहेब शेडमधूनच ओरडतात,
"तारीख बराबर टाक बे!
कच्चा पाइप गाडीत चढला
तं तुह्याच डोक्यावर फुटन."

म्हणून तारखेला मी जपतो.
माझी स्वतःची एक जुलै.
वर्गातल्या एकोणीस पोरांची एक जुलै,
गुरुजींनी एकाच दुपारी सगळ्यांना जन्माला घातलं.
माय म्हणते, तू झाला तवा
जवारी हुरड्यावर होती.

यंदा आमच्या नाल्यावरची जुनी पुलिया काढली.
जेसीबीनं एकेक पाइप उचलून
बेशरमाच्या झुडपांत टाकला.
मी सायकल लावून खाली उतरलो,
सवयच ती,
रुमालानं गाळ पुसत गेलो.
पाच पाइपांवर काहीच उरलं नव्हतं.
सहाव्यावर होतं.
एक, मग काळा गोळा,
टिंब,
एक, मग काळा गोळा,
पुढं साल शेवाळानं खाल्लेलं.

काड्या नव्हत्या.

निळकंठनं हे कधी सांगितलं नाही.
आता त्याचे हात थरथरतात,
चहाची बशीसुद्धा सून धरते,
आणि पत्रा माझ्याकडं आहे.

ठेकेदाराचा पोरगा वरून बघत होता.
"काय लिवलं हाय? वाचता येते का?"

मी रुमाल पिळला.
म्हटलं, येते.