उद्या सकाळी सातला

उद्या सकाळी सातला त्यांना आत नेतील.
आज माझं काम एवढंच:
शीर शोधायची, मोजायची,
आणि कातडीवर निळ्या पेनाने तिची वाट काढून ठेवायची.

वुच शहरात नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
मी हीटर वाढवून ठेवते,
गारठ्यात शिरा अंग चोरतात.

बोगुमिवा त्सेबुला, वय एकाहत्तर.
डाव्या पायाचा अंगठा जांभळा.
दोन महिने खुर्चीत झोपतात,
पाय खाली लोंबता राहिला तरच ठणका सोसतो म्हणून.
"मोठ्याने बोल गं. एकतीस वर्षं मागावर होते,
अर्धे कान गिरणीतच राहिले."

उजव्या पायात शीर नाही.
घोट्यापासून मांडीपर्यंत नुसता पांढरा व्रण:
अकरा वर्षांपूर्वी ती हृदयाच्या कामी आली.
डावीकडे आहे, पण दोन पूर्णांक एक मिलिमीटर.
मी पुन्हा मोजते.
दोन पूर्णांक एक.

डॉक्टर विल्कोश खिशातून दोन नळ्या काढतात.
एक टेफ्लॉनची, गुळगुळीत, उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी.
दुसरी पॉलिएस्टरची, विणलेली, सुरकुत्यांची.
बाई दुसरीच उचलतात.
नखांत धरून ताणतात, दिव्यासमोर नेतात,
डॉक्टर बोलत असतात तिकडे लक्षच नाही.
"पोत चांगला आहे. पण इथे कडेला
एक फेर सैल सोडलाय."

डॉक्टर हसत नाहीत. चष्मा चढवून बघतात.
मग म्हणतात, "गुडघ्याच्या वर असतं
तर हीच घातली असती.
तुमचं काम घोट्यापर्यंतचं. तिथे असली नळी
दोन-तीन वर्षांत तुंबते. कधी आधीच."
"तीन वर्षांत माझा कुत्रा चौदाचा होईल,"
बाई म्हणतात. कोणीच काही बोलत नाही.

"बाह्या वर करा."

वरवरच्या शिरा सलाइनच्या सुयांनी कधीच बाद केल्यात.
पण दंडाच्या आत, खोल, काखेकडे जाणारी एक
सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली.
तीन पूर्णांक चार.
दुसऱ्या हाताची तीन पूर्णांक एक.
एकटी कुठलीच पुरत नाही, जोडावी लागेल.

"जोड कसा घालता?"
"केसाहून बारीक धाग्याने."
"आणि गाठ?"
"बाहेरच्या बाजूला. आत काही लागता कामा नये."
त्या मान हलवतात, मुकादमासारखी.
"आमच्यात गाठ दिसली की पगार कापायचे."

मग मी सांगते, शीर उलटी लावतात.
तिच्या आतल्या झडपा फक्त हृदयाकडे उघडतात,
आणि रक्त तर न्यायचंय अंगठ्याकडे.
जन्मभर वर चढलेलीला आता उतरायचंय.
"तिला विचारलंत का?"

मी रेघ काढायला घेते.
हात जड, कोपराजवळ धोट्याने उमटवलेला जुना डाग.
पेन गार लागतं तशा दचकतात.
"वाकडी जातेय तुझी रेघ."
"शीरच तशी आहे, बाई."
"असेल. सरळ काय होतं माझ्यात."

नमुना परत मागायचं डॉक्टर विसरले, की मुद्दाम ठेवला,
माहीत नाही.
मी दिवा मालवायला गेले तेव्हा
त्या अंधाराकडे तोंड करून बसल्या होत्या, पाय खाली सोडून,
दोन्ही दंडांवर माझी निळी शाई,
आणि नखाने, सावकाश,
कडेचा तो सैल फेर उसवत होत्या.