सोमवार

तपासायला गेले तेव्हा लिंबाजी सोनकांबळे
खाटेवर मांडी घालून बसलेले.
छाती नुकतीच भादरलेली. "कोंबडं सोलल्यावानी दिसालंय,"
म्हणाले, आणि हसता हसता खोकले.
तो खोकला मी नळी न लावताच ऐकला.

मानवतच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं.
सरकी एकीकडे, रुई एकीकडे,
आणि जे कुठंच गेलं नाही
ते यांच्या फुप्फुसांत.

"सोमवारी लई धाप लागायची, बाई.
ऐतवारी मिल बंद ऱ्हायची नं.
रोज काम आसलं की कायबी न्हाई,
सुट्टीनंतरचा पहिला दिस वंगाळ."

रात्री नांदेडच्या त्या खोलीत मी फॉर्म भरत होते.
भूल कशी द्यायची: शिरेतून, की श्वासातून?
दोन्ही बाजूंचे निबंध वाचलेत,
कोणीच छातीठोक बोलत नाही.
कारण लिहायला दीड ओळ असते. लिहिलं:
श्वासनलिका आकसलेल्या, वायू बरा.
शिरेतलं औषध दुधासारखं पांढरं असतं,
आणि यांच्या आत पांढरं पुष्कळ झालंय,
हे कुठं लिहिणार?
(झोपवायला थोडं पांढरं लागलंच.)

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी हृदय थांबवलं.
रक्त मुजीबच्या पंपाकडे गेलं,
मुजीबनं तिकडंही वायू सोडला.
मी श्वासाचं मशीन बंद केलं.
फुप्फुसं बसली,
वेचून झालेल्या बोंडासारखी,
करड्या-गुलाबी कातड्यावर काळे ठिपके.
एकतीस वर्षांत एवढी सुट्टी
त्यांना कुणी दिली नव्हती.
चौऱ्याण्णव मिनिटं.

मग काबरा सरांनी सुई खाली ठेवली.
"फुगवा."

आणि मला सोमवार आठवला.
विसावलेल्या फुप्फुसांत रक्त परत येतं
ते भांडायलाच येतं.
मशीनला हात लावला नाही,
पिशवी मुठीत घेतली.
हळू.
आणखी हळू.
काबरा सर घड्याळाकडे बघत होते,
मी ठिपक्यांकडे.
एक कोपरा उघडला. मग शेजारचा.
खालचा हट्टी होता, त्याला वेळ दिला.

शुक्रवारी नळी काढली.
सिस्टर म्हणाली, खोकताना उशी छातीशी घट्ट धरा.
त्यांनी आधी उशीचा कोपरा
अंगठा आणि बोटात चोळून पाहिला.
घोगऱ्या आवाजात म्हणाले,
"ही रुई न्हाई, बाई. फायबर हाय."

मग खोकले.