दर तासाला

दर तासाला मला तिच्या तोंडात बघायचं असतं.
टॉर्च, लाकडी पट्टी, एक बारीक सुई.
रंग गुलाबी आहे का, ऊब आहे का,
टोचल्यावर रक्त लाल येतं, की काळपट, की येतच नाही.
काळपट आलं तर शिंत्रे डॉक्टरांना फोन,
मग ते राजारामपुरीतून स्कूटरवर,
शर्टाची बटणं खालीवर लावून.

बेड चार. हौसाबाई, वय अठ्ठावन्न, मुक्काम वडणगे.
चाळीस वर्षं पहाटे तव्यावर मिसरी भाजली
आणि बोट रोज त्याच कोपऱ्यात फिरलं.
तो कोपरा आता नाही.
बरणीत घालून, लेबल लावून, लॅबला गेला.
त्या जागी तिच्याच हाताची कातडी बसवली आहे,
धमनीसकट, मानेत जोडून,
केसाहून बारीक दोऱ्यानं. साडेनऊ तास.

हातावर गोंदण होतं.
जोतिबाच्या चैत्रात, लग्नाच्या पहिल्या वर्षी,
बॅटरीच्या मशीनवर काढलेली तीन अक्षरं: केरबा.
आदल्या दिवशी डॉक्टर निळ्या पेनानं आकार आखत होते,
चपलेचं कातडं बेततात तसा, कागद ठेवून.
म्हणाली, नाव चुकवून कापा की ओ.
मावशी, धमनी नेमकी तिथूनच जाते.
जरा वेळ हाताकडं बघत बसली.
मग म्हणाली,
जाऊ द्यात तर आत. लई वर्सं भायेरच हुते.

मापात 'केर' आलं.
'बा' मागं राहिला, कोपराच्या बाजूला.

केरबामामा जिन्याखाली बसतात.
गुऱ्हाळावर गुळव्या होते. अठरा वर्षांपूर्वी
उकळत्या काहिलीत उजवा हात गेला.
जळीत वॉर्ड तेव्हा तळमजल्यावर होता, मी नवीन होते.
चिकटलेली बोटं दोनदा सोडवली;
करंगळी अजून शेजारणीला धरून आहे.
मांडीची कातडी हाताला लावली, असं सांगताना
ते धोतर सारायला जातात. मी म्हणते, राहू द्या.
मला माहीत आहे तो चौकोन.
काल हौसाबाईच्या मांडीचं ड्रेसिंग मीच बदललं:
हात झाकायला तिथूनच घेतली होती,
वहीच्या अर्ध्या पानाएवढी.
डावीच मांडी, जवळजवळ तेच माप.
दोघांनी कधी हे जुळवून बघितलं तर बघोत,
मी सांगणार नाही.

पहाटे तीन.
टॉर्चमध्ये 'के' दिसतो, हिरवट, ओला, थोडा वाकडा.
'र' दाढेमागं वळला आहे.
बावीस वर्षांत लोकांच्या तोंडात मी पू पाहिला, किडे पाहिले,
एकाला छातीचं मांस लावलं होतं,
त्याच्या जिभेशेजारी केस उगवलेले पाहिले.
वाचायची वेळ कधी आली नव्हती.
गुलाबी. ऊब आहे. लाल.
लिहिलं.

नवव्या दिवशी गळ्याची नळी बोटानं दाबून धरली,
आणि स्पीचच्या नव्या पोरीनं फॉर्मवरून विचारलं,
बोला आजी, नाव?
हौ…शा…आई. हवा गळाली, पण आलं.
आणि नवऱ्याचं?
हौसाबाईनं मान हलवली.
दुखतंय? नाही.
आठवत नाही?
ती हसली असावी; सूज होती, कळलं नाही.
उखाण्याबाहेर जे कधी घेतलं नाही
ते फॉर्मसाठी कोण घेणार.
तिनं पोरीच्या खिशातला टॉर्च ओढला,
तोंड उघडलं, जेमतेम दोन बोटं,
आणि आत उजेड पाडला.

पोरगी वाकली. केर? म्हणाली,
आणि माझ्याकडं वळली,
काही साफ करायचं राहिलंय का, अशी.
मी बँडेजचा हात उचलून धरला.
बाकीचा इथं आहे, म्हटलं.

खाली मामा चहा फुंकत होते.
आज पाणी गेलं, सांडलं नाही, मी सांगितलं.
बोलली?
बोलली. तुमचं नाव विचारलं होतं.
कप खाली ठेवला त्यांनी, जळक्या हातानं, नीट.
घेतलं?
दाखवलं, म्हटलं.