तेरावा भाग

दस्तगीर म्हणतो, यान उतरलंच नाही.
मृणालिनी म्हणते, उतरलं, दार उघडलं,
आणि दारात जे उभं होतं त्याला चेहरा नव्हता.
सुकुमार मगदूम गप्प.
त्याच्या गल्लीत त्या गुरुवारी ऐन वेळी लाइट गेली
ती एकतीस वर्षं आलेली नाही, असं तो सांगतो.

सोमवारी उद्यमनगर बंद.
सुकुमारच्या शेडमध्ये लेथवर पोतं टाकलेलं,
जळक्या ऑइलचा वास, कागदावर भडंग,
आणि आम्ही चौघं पन्नाशीतले
'गुरूपलीकडे'वरून भांडतोय.
थर्मोकोलचं यान.
कॅप्टनच्या छातीवर सायकलचा रिफ्लेक्टर.
"पण गोष्ट, मर्दा, गोष्ट!" दस्तगीर म्हणतो,
आणि शेंगदाणे वेचून खातो.

लागायची साडेनऊला. मग दहाला.
मग क्रिकेटची क्षणचित्रं संपली की.
एका आठवड्यात कुणी मोठं वारलं, तर नुसती सतार.
पेपरातली वेळ आणि खरी वेळ यांत
उजेडाला गुरूवरून यायला लागतो तेवढा फरक.
मृणालिनीकडे पुरावा आहे:
अकरा वर्षांचे कार्यक्रम, पेपरातून कापून
दोनशेपानी वह्यांत खळीनं चिकटवलेले.
झुरळांनी कडा खाल्ल्यात, वेळा शाबूत.

माझ्याकडे दोनशे चौदा कॅसेटी.
कपाटाला कुलूप, किल्ली जानव्यासारखी अंगावर.
महापुरात आधी त्या माळ्यावर गेल्या,
मग गॅसची टाकी, मग आम्ही.
बायकोनं हे अजून सोडलेलं नाही.

तेराव्या भागाला मी खिद्रापूरला लग्नात होतो.
टायमर लावून गेलो.
सोमवारी परतलो तर यान खाली येतंय, सात मिनिटं,
कॅप्टनचा हात दाराच्या खटक्यावर,
एक पांढरी रेघ,
आणि शाहू स्टेडियम. दुपार. धुरळा.
आमच्या पेठेची मॅच.
त्या दिवशी वडलांशी बोलायचं सोडलं ते
चार महिने. नंतर बोललो,
पण ते बिलं आणि औषधं यांविषयी.

परवा सुकुमारनं भंगारातला व्हीसीआर उठवला.
रबरी रोलर स्वतः लेथवर काढला.
सगळं चालतं, फक्त स्टॉपचं बटन नाही.
म्हणून रेघेच्या पुढं पहिल्यांदाच गेलो.
कॉर्नर. पंचाला शिव्या.
कॅमेरावाला कंटाळून गर्दीकडे वळला,
आणि तिसऱ्या पायरीवर, डाव्या अंगाला,
कागदी टोपी घालून, दोन बोटं तोंडात,
माझे वडील शिट्टी घालताहेत.
माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.

"मागं घे, मागं घे!" मृणालिनी ओरडली.
मला वाटलं, तिलाही भरून आलं.
"टोपीवर टीव्हीचा कॉलम आहे रे,
माझ्या वहीत तेवढाच रविवार नाही."

सहाव्यांदा मागं घेतल्यावर माझ्या टाळक्यात शिरलं:
माणूस पायरीवर आहे.
मग घरात रेकॉर्ड कुणी केलं?

आई मटार सोलत होती.
"बटन मी दाबलो की रे," म्हणाली.
"हाताला घावली ती घातलो. नंबर कोण बघतंय.
म्हटलं, टीव्हीत दिसतोय काय बघू."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू त्यास्नी बोलालतास. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, माझ्यावर घेतो."

एक शेंग किडकी निघाली, ती बाजूला ठेवली.
"आणि नंतर कुठनं बघतोय मी?
तू कुलूप लावलास."

मग जरा थांबून, टोपलीत बघतच,
"दिसला काय?"